आईच्या उजव्या गुडघ्याच्या आत

२ डिसें., मंगळवार
आई खांडबाऱ्याहून गाडीने आली, दादा सोबत. नंदुरबार स्टेशनचा जिना चढताना दर पायरीला थांबली. डॉ.नी एक्स-रे परत पाहिला. दोन्ही गुडघे गेलेत, उजवा जास्त. तो आधी बदलायचा. मला म्हणाले, सिस्टर, तुझीच आई आहे, ऑपरेशनच्या टेबलाशी दुसरं कुणी उभं करू का? मी म्हटलं, नको, सामान मीच देते. बोलून तर गेले. 

३ डिसें.
सुरतहून सांधा बदलायच्या अवजारांचा सेट आला. जड ट्रे. धुऊन, मोजून वाफेने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला लावले. आरीची पाती, आरी सरळ चालावी म्हणून हाडावर बसवायचे ब्लॉक, हातोडी, माप बघायला तात्पुरत्या बसवायच्या खोट्या वाट्या. एवढ्या केसेसना हेच हातात दिलं, पण आज प्रत्येक वस्तू धरताना…
आईला समजावलं की झिजलेला भाग कापतात आणि वर धातूची टोपी ठोकून बसवतात. आमच्या बोलीत याला शब्दच नाहीत, हातांनीच दाखवलं. तिने विचारलं, "हातोडीपण?" हो म्हटलं. मग ती प्रार्थना करत बसली.

४ डिसें.
झालं. नीट झालं.
कमरेत भुलीचं इंजेक्शन, आई जागी. पडद्यापलीकडे हळू आवाजात भजन म्हणत होती. हातोडी पडली की थांबायची, मग तिथूनच पुढे.
गुडघा उघडला. चांगला सांधा पांढरा, ओला, चकचकीत असतो. आईच्या सांध्याला आतल्या बाजूला काही उरलंच नव्हतं. हाडावर हाड घासून पिवळं गुळगुळीत झालेलं, त्यात रेघा, सगळ्या एकाच दिशेने. भाताची लावणी, रस्त्याची खडी, पाठीवर आम्ही. यावर ही बाई चालत होती! मी बघतच राहिले. डॉ. म्हणाले, "सिस्टर, ब्लॉक." मग पुन्हा, जरा मोठ्याने. दिला. त्यानंतर हात आपोआप चालले.
हाड बारीक. सगळ्यात लहान माप लावून पाहिलं, बसलं. डॉ.नी पाय लांब केला आणि तो सरळ झाला. लहानपणापासून आईचे पाय मी वाकडेच पाहिलेत. मास्कच्या आत तोंड उघडंच राहिलं माझं.
खरी टोपी चिकटवलेलं सिमेंट सुकेपर्यंत त्याचा उरलेला गोळा माझ्या हातात होता. गरम गरम होत गेला, मग दगड. सुकलं का, म्हणून डॉ.नी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

५ डिसें.
वॉकर धरून उभी केली. आमच्या वॉर्डातल्या सुमनमावशी एका बाजूला. "चाल माय, मी शे ना." तीन-चार पावलं. दुखलं. खाली बघत होती. म्हणाली, एक पाय दुसऱ्याचा वाटतो.

८ डिसें.
गुडघा वाकवायचा व्यायाम. घाम फुटला तिला, मलाही. जमिनीवर बसायचं नाही, हे डॉ.नी सांगितलं. चूल, देवळातली चटई, शेत, सगळं जमिनीवरच. 

११ डिसें.
आईचे केस विंचरून देत होते. तिने एकदम विचारलं, कापलेलं हाड कुठे आहे? दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून गेलं, जाळतात, म्हटलं.
"माझं होतं ते. मला दाखवायचंस."
 जे पाहिलं ते सगळं सांगितलं. पिवळेपण, रेघा, त्या एकाच दिशेने होत्या तेही. ती ऐकत राहिली, डाव्या गुडघ्यावर हात ठेवून.
"यातही तसंच असेल?"
"असेल."
"मग हा करताना दाखव. टाकायच्या आधी."
जमिनीवर बसायचं सुटणार, हे माहीत असून डावाही करायचा म्हणते.
डॉ.ना विचारलं. हात धूत होते. म्हणाले, हाड बघायला कुणी मागितलं नाही आजवर. मग नळ बंद केला. "बघू," एवढंच म्हणाले.
डॉ.चं हे उत्तर आईला अजून सांगितलं नाही. ती डाव्याची तारीख विचारतेय.