आमच्या खोलीतले फादर

यान्बू, सौदी अरेबिया, नोव्हेंबर २००६

ती. तुकाराममामांच्या चरणी भाच्याचा, म्हणजे समाधानचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांगमध्ये ष्ट. नववीत शाळा सुटली तरी हा शब्द मी कधी चुकलो नाही.) तुमचा गुडघा अबकैकच्या थंडीत काय म्हणतो? मामीने गावाहून पाठवलेले तेल तुम्ही लावत नाही, असे ती आईला सांगते आणि आई मला फोनवर सांगते, म्हणून विचारले. माझा त्यात काही संबंध नाही. माझी तब्येत उत्तम आहे, झोप सोडून.

पुढचे सगळे फोनवर सांगितले असते. पण फोन खोलीतूनच करावा लागतो, आणि समोरच्या खाटेवरच्यांना मराठी कळत नसले तरी 'फादर' हा शब्द कळेल. म्हणून पत्र. ते अबकैकला येणाऱ्या ट्रेलरच्या ड्रायव्हरकडे देणार आहे. पाकीट सगळीकडून चिकटवीन. कुठे सुटलेले दिसले तर त्याला काही बोलू नका, मला कळवा.

मला खोली बदलून हवी आहे. आमचे कॅम्प बॉस सिराजुद्दीन तुमच्या हाताखाली काम केलेले, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. कारण मात्र त्यांना सांगू नका. तुम्हाला सांगतो.

आमच्या खोलीत आम्ही तिघे. मी, रत्नागिरीकडचा खुर्शीद (परांची बांधतो, घोरतो, मनाने चांगला) आणि स्टोअरमध्ये काम करणारे नायजेरियाचे इसहाक. वय पन्नाशीकडे, आवाज गंभीर, बोल्ट मोजून देतात. यात वावगे काही नव्हते. पण गेल्या महिन्यात त्यांच्याच देशाचे कादिर साहेब वेल्डिंगचे इन्स्पेक्टर म्हणून आले. साइटवर त्यांनी खडूने फुली मारली की अख्खा जोड कापून पुन्हा करायचा, फोरमनलाही ते सोडत नाहीत. एवढा माणूस, साहेब लोकांच्या ब्लॉकमध्ये स्वतंत्र खोली असलेला, रोज संध्याकाळी आमच्याकडे येतो, इसहाकांना चहा करून देतो आणि ते 'बस' म्हणेपर्यंत उभा राहतो! प्रत्येक वाक्याला 'येस, सीनियर'. इन्स्पेक्टर स्टोअरवाल्याला सीनियर म्हणतो, म्हणजे स्टोअरवाल्याला इन्स्पेक्टरचे काहीतरी माहीत आहे, असा माझा पहिला अंदाज होता. तो चुकला. खरी गोष्ट त्याहून भयंकर निघाली.

एके दिवशी कादिर साहेबांनी इसहाकांच्या खांद्यावर हात ठेवून मला सांगितले, हे माझे स्कूल फादर.

मामा, माझ्या हातातली ताटली पडली. शाळेतला फादर म्हणजे कोण, हे चिपळूणच्या कॉन्व्हेंटच्या दारावरून गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पांढरा झगा तेवढा घरी ठेवून आलेत. म्हणजे आमच्या खोलीत पाद्री आहे, आणि तोही या देशात, जिथे दुसऱ्या धर्माचे काही चालत नाही! कोणी चुगली केली तर पोलीस खोलीची झडती घेणार. माझ्या बॅगेच्या तळाशी आईने दिलेली गणपतीची तसबीर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पाद्री राहील बाजूला, इकामा, इथे राहायचा परवाना, माझा जाईल.

मी लक्ष ठेवले. दोघे उभे राहून, हात सरळ सोडून एक गाणे म्हणतात. शाळेचे गाणे, असे सांगतात. त्यात 'लॉर्ड' हा शब्द मी स्पष्ट ऐकला. एकदा कादिर साहेब उशिरा आले, तर इसहाक म्हणाले, 'नील डाऊन!' आणि एवढा धिप्पाड इन्स्पेक्टर दोन्ही हात वर करून गुडघ्यांवर बसला. मग त्याने पापे सांगायला सुरुवात केली. भिंतीवरून उडी मारून सिनेमाला गेलो होतो. भटारखान्यातली तळलेली केळी मीच पळवली. शनिवारच्या तपासणीला मास्तर पांढरा रुमाल खिडकीवर फिरवून धूळ बघायचे, तेव्हा तो रुमाल आधीच काळा करून ठेवणारा मीच. इसहाक डोळे मिटून म्हणाले, जा, माफ केले. दोघे हसत होते, हे मान्य. पण हसतमुख पाद्री असतातच. सिनेमात मी हेच पाहिले आहे.

त्यातच तो डबा. डब्यात पांढरी, रवाळ भुकटी. (या देशात पांढरी भुकटी डब्यात ठेवणारा माणूस किती बेफिकीर असेल पाहा!) ती त्यांनी खोलीतल्या पिंपाच्या थंड पाण्यात भिजवली, साखर घातली आणि एक वाटी माझ्यापुढे केली. हिला गारी म्हणतात, कुठल्याशा कंदाचा रवा, शाळेत रात्री भूक लागली की हीच खायचो, वगैरे. नाही म्हणायला जीभ वळेना. खाल्ली. आंबट लागते, वाईट नाही. खुर्शीद वरच्या खाटेवरून बघत होता. तो हळूच म्हणाला, "मेल्या, खाल्लीस? पाद्रीच्या हातची? बाटलास की रे!" पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याची गोष्ट आजोबा सांगायचे ती मला आठवली. त्या रात्री मी तीन तांबे पाणी प्यायलो. तेही त्याच पिंपातले होते, हे सकाळी लक्षात आले.

आता मुख्य संकट. पुढच्या आठवड्यात माझी ट्रेड टेस्ट आहे, लेखी, इंग्रजीत. पास झालो तर हेल्परचा फिटर, नापास झालो तर करार संपताच खलास, घरी. हे इसहाकांना कळले. त्यांनी मला समोर उभे केले आणि म्हणाले, "आजपासून मी तुझा स्कूल फादर."

मी खुर्शीदकडे पाहिले. खुर्शीदने तोंडावर पांघरूण ओढले. ते हलत होते.

तेव्हापासून जेवणानंतर इसहाक ताटलीवर चमचा वाजवतात, तो आवाज होताच मी पुस्तक घेऊन बसायचे, आणि पुन्हा वाजेपर्यंत उठायचे नाही, बोलायचे नाही. नखे दाखवायची. फ्लँज, गॅस्केट, व्हॉल्व्ह, सगळ्यांची स्पेलिंगे म्हणायची. (गॅस्केटचे मी एकदाही चुकलो नाही, तेव्हा त्यांनी मान हलवली. ती मान हलवणे मला आवडले. हेच घातक असते.) बदल्यात त्यांची पाण्याची बादली मी भरतो आणि सदऱ्याला इस्त्री करतो. पैसे मागत नाहीत. या कॅम्पात फुकट कोण कोणाला शिकवतो? तुम्हीच सांगा.

गेल्या शुक्रवारी तर इसहाक खुर्शीदबरोबर मशिदीत गेले. मी म्हटले, बघ, वेश बदलून राहण्याची कमाल! खुर्शीद कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे समाधान, इसहाक हे आमच्यातलं नाव आहे! माझ्या शेजारी उभा राहून नमाज पढला तो माणूस. तुला पाद्री म्हणालो ती मस्करी होती, गाढवा." मग त्याने सांगितले की त्यांची शाळा मुलग्यांची होती, राहायची, मिशनऱ्यांनी काढलेली, म्हणून गाण्यात लॉर्ड. तिथे लहान मुलाला वरच्या वर्गातला एक मुलगा नेमून देत. त्याने धाकट्याला मारापासून वाचवायचे, अभ्यास घ्यायचा, आणि धाकट्याने त्याचे पाणी भरायचे. त्यालाच स्कूल फादर म्हणतात. वडील गेल्यामुळे इसहाकांची शाळा अर्धवट राहिली, कादिर साहेब पुढे इंजिनिअर झाले. पण फादर तो फादर.

ऐकायला ठीक आहे. पण इतक्या वर्षांनी, इतक्या पगारावर, कोणी चहा करून देतो का? खुर्शीदही त्यांना सामील असावा. खोली बदलाच.

तुमचा आज्ञाधारक,
समाधान

ता. क. ट्रेलर अजून निघाला नाही, म्हणून लिहितो. टेस्ट झाली. पास झालो. आदल्या दिवशी कादिर साहेबांनी माझ्या जोडावर फुली मारली. मी म्हटले, साहेब, आपण एकाच फादरचे. ते म्हणाले, म्हणूनच दोनदा तपासला. जोड खरेच गळत होता.

ता. क. २. वरची विनंती कृपया रद्द समजावी. नियमाप्रमाणे पास झालेल्यांना फिटरच्या ब्लॉकमध्ये हलवतात, मला शनिवारी खोली सोडावी लागणार आहे. सिराजुद्दीनना फोन करून सांगा की समाधानला आहे तिथेच राहू द्या. कारण विचारले तर सांगा, नवीन खोलीत त्याला झोप येत नाही. (जुन्या खोलीतही येत नव्हती, हे सांगू नये.)

ता. क. ३. इसहाकांना हे सांगितले, तर ते म्हणाले, पास झालेला मुलगा वरच्या डॉर्मिटरीत जातो, तशीच रीत आहे, यल्ला, चल. आणि स्वतः माझी बॅग भरायला बसले. तसबीर सापडली, तर ती त्यांनी माझ्या स्वच्छ सदऱ्यात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवली. पण हे सगळे ते इतक्या आनंदाने करत होते की मला संशय येतो. मामा, बाकी काही जमले नाही तरी चालेल, सिराजुद्दीनकडून एवढी माहिती काढाच: माझी खाट कोणाला देणार आहेत, आणि त्याला गॅस्केटचे स्पेलिंग येते का.