पालथा पाटा

धसई, ता. मुरबाड
१० जानेवारी १९९९

चि. रूपेश यास ताईचा जयभीम व आशीर्वाद.

चार पानं लिहिलीस नि त्यात आई एका ओळीत. बाकी सगळे ते तुझे माया लोक. त्यांची घरं केवढी, चुली कुठं, उकिरडा कुठं. हजार वर्षांपूर्वीच्या उकिरड्यात तुला काय गावलं ते कळलं, पण तू कधी येणार ते नाय कळलं. दोन वर्षांचं सांगून गेलास, हे चौथं चालू आहे.

आई किन्हवलीच्या घरात एकटी. दिवाळीत विहिरीवर पडली, हात अजून वर होत नाय. माझ्याकडं चल म्हटलं की म्हणते, रूपेश आला नि दाराला कुलूप दिसलं तर. येणार नसशील तर तसं तिला लिही. माझं तिला पटत नाय, मी चौथी शिकलेली. तू डॉक्टर, तोही दगडांचा.

ह्यांचा जयभीम. लोभ आहेच, पण नुसत्या लोभानं पोट भरत नाय.

वंदना


पेतेन, ग्वाटेमाला
६ फेब्रुवारी १९९९

सौ. ताईस रूपेशचा सप्रेम जयभीम.

रागावलीस ते बरोबर आहे. इथलं खोदकाम पावसाळ्याआधी आटोपायचंय, येण्याचं मग बघतो.

सध्या राजाचं देऊळ नाही, एका शेतकऱ्याचं घर खणतोय. आपल्यासारखंच जोतं, वर कुडाच्या भिंती असणार. भिंतीपाशी मका वाटायचा दगड निघाला, आपल्या पाट्याचाच भाऊ. पण पालथा. सगळे म्हणतात, माणसं घाईत पळाली. मला आई आठवली. आपण सगळे घर बंद करून चार-सहा महिने वीटभट्टीवर कामाला निघालो की ती पाटा पालथा घालायची. का, ते मी कधी विचारलंच नाही. तेवढं विचारून कळव.

आईच्या हाताला शेक देत जा. तुझ्या शिव्या येत राहू देत, इथं मराठीत कुणी देत नाही.

तुझा
रूपेश


धसई
१७ मार्च १९९९

चि. रूपेश यास जयभीम.

विचारलं. आई हसली. म्हणाली, एवढं शिकून हेपण कळत नाय का त्याला. माणसं नसली की घरात कोंबड्या शिरतात, कुत्री शिरतात. वाटायची बाजू खाली केली की ती नासत नाय. परत आलं की धुवायचं नि वाटायला बसायचं. कायमचं जाणारी बाई पाटा बरोबर नेते, नाय तर शेजारणीला देते. पालथा कशाला घालेल. म्हणजे तुझी माणसं पळाली नव्हती, परत येणार होती. तुझ्या तिथल्या साहेबांना हे आईचं नाव घेऊन सांग.

आता माझं ऐक. रविवारी आईला मी धसईला आणली. हात बरा होईस्तोवर, म्हणूनच आली. कुलूप लावायच्या आधी तिनं मला पाटा पालथा घालायला लावला. मी घातला.

डॉक्टर म्हणाले, आता एकटी ठेवू नका. ते तिला मी अजून सांगितलेलं नाय. तू येऊन त्या घरात राहणार असशील तर पाटा तिथंच राहू दे. नसशील तर मी जाऊन उचलून आणते, इथं मांडते, नि तिला काय ते सांगते. तीस एप्रिलला बुद्धपौर्णिमा. त्या दिवशी ती घर उघडायला चल म्हणणार, मी ओळखते तिला. त्याच्या आत तुझं उत्तर इथं पोचलं पाहिजे. मका नको, जोतं नको. पाटा ठेवू का आणू, तेवढंच लिही.

वंदना