ठिपकीच्या पेटीतली वाळू

३ मार्च, रविवार

पाल! चक्क दुकानातून पाल आणली त्या दातवाल्याने!

लोक झाडू घेऊन पालीमागे धावतात, आणि या गृहस्थाने माझ्या लेकीला वाढदिवसाची भेट म्हणून पाल दिली. अंगभर ठिपके, म्हणून नाव ठिपकी. तिला काचेची पेटी, वर उबेचा दिवा, लपायला मातीचं फुटकं भांडं. लेक दिवसभर तेवढंच बोलत होती. काका असं म्हणाले, काका तसं म्हणाले.

दातवाला म्हणजे तिच्या आईचा नवा नवरा. दातांचा डॉक्टर. लोकांचे दात काढतो आणि मी समोर आलो की स्वतःचे दाखवतो. लेक आठवडाभर त्यांच्याकडे असते, रविवार तेवढा माझा. त्यातला अर्धा आज पालीने खाल्ला.

जाताना लेकीने माझ्या कामावरची डबाभर बारीक वाळू मागितली. कशाला, तर म्हणे "गंमत आहे." शाळेचं काहीतरी असणार. खडा टोचायला नको म्हणून दोनदा चाळून दिली.

५ मार्च, मंगळवार

वीस वर्षं लोकांच्या फरश्या बसवून गुडघ्यांचं वाटोळं झालं. पण पाल आणायचं काही सुचलं नाही. सुचलं असतं तरी आणली नसती म्हणा. पण निदान त्याच्या आधी सुचायला हवं होतं!

१० मार्च, रविवार

आज फोनवर फोटो दाखवला. पेटीत खाली छान सपाट पसरलेली वाळू. दिव्याखाली तांबूस दिसत होती — दुकानातली शोभेची असणार. दातवाल्याची हौस! लेक फोटो सोडून माझ्याच तोंडाकडे बघत होती. मी "बरी आहे" म्हणालो आणि फोन परत दिला. तिचा चेहरा पडला. पडू दे. त्याच्या हौसेला मी टाळ्या वाजवायच्या का?

वर म्हणते, "बाबा, आमच्या घरी ये ना बघायला."

आमच्या घरी! मग हे कुणाचं आहे?

संध्याकाळी ती गेल्यावर स्वयंपाकघरातली एक फरशी उगाचच उखडून परत बसवली. हलत नव्हती तरी.

१३ मार्च, बुधवार

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात काम धरलंय. बाहेरची खोली, जिथे लोक कुत्री-मांजरं घेऊन बसतात. बाई चहा द्यायला आल्या, तेव्हा सहज विचारलं, की पाळलेल्या पालीखाली काय घालावं?

"काहीही घाला, पण वाळू नको," म्हणाल्या. "किड्यावर झडप घालते ना, तेव्हा वाळू तोंडात जाते. पोटात गोळा होतो. मरतातसुद्धा. जाड कागद घाला. नाहीतर सरळ फरशी — चकचकीत नको, पाय घसरतात."

फरशी! अख्ख्या गोतावळ्यात फरशीवाला मी एकटा, आणि फरशी हवी तिथे मला कुणी विचारलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणवतो आणि एवढं कळत नाही?

फोन हातात घेतला. ठेवला. कळू दे की लेकीला, काकांना सगळं कळत नाही ते. दोन-चार दिवसांत काय होतंय.

१४ मार्च

सांगितलं नाही.

१५ मार्च

आज सांगणार होतो. फोन केला तर दातवाल्याने उचलला. "अरे वा, बोला बोला!" मी म्हणालो, चुकून लागला.

१७ मार्च, रविवार

लेकीने आल्याआल्या सांगितलं. ठिपकी चार दिवस खात नाहीये. पोट फुगलंय.

"बाबा, काय झालं असेल रे तिला?"

अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी काय म्हणालो? "तुझ्या काकांना विचार. त्यांनीच आणलीय ना?"

ती रडली नाही. नुसती मान खाली घालून बसली. लिहायला लाज वाटते, पण क्षणभर मला बरं वाटलं. मग उठून तिला पाणी आणून दिलं. ती निघताना सांगितलं, उद्या डॉक्टरीणबाईंकडे ने. एवढंच. वाळूचं तोंडातून निघालं नाही.

१८ मार्च, सोमवार

मी दवाखान्यात खाली बसून फरश्यांचे सांधे भरत होतो. समोर दोन जोडी पाय येऊन थांबले. लेकीच्या चपला आणि त्याचे पॉलिश केलेले बूट — माझ्या ओल्या सांध्यांवर!

बाईंनी ठिपकीचं पोट चाचपलं. "वाळू खाल्लीय. वाळू कुणी घातली?"

लेकीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं तिने, पण दातवालाच घाईने म्हणाला, "माझं चुकलं. मीच."

मनातल्या मनात नाचलो मी! गुडघ्यांवर बसून, हातात थापी घेऊन नाचलो. लेकीसमोर कबूल केलं पठ्ठ्याने!

औषध दिलंय. रोज कोमट पाण्यात बसवायचं. बाई म्हणाल्या, आठवडा काढला तर जगेल.

२४ मार्च, रविवार

ठिपकी जगली. काल एक किडा खाल्ला.

पेटीच्या मापाची फरशी कापत होतो, तेव्हा लेक शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, काकांनी वाळू नाहीच घातली. ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते, कागद घाल. मीच ऐकलं नाही. म्हटलं, माझ्या बाबाने दोनदा चाळलीय, तिला काही होणार नाही. तुला फोटोत ओळखू येईल असं वाटलं होतं मला."

मी कटर बंद केला.

"तुला वाईट वाटू नये म्हणून ते तिथे तसं बोलले. तू नको हं मनाला लावून घेऊस. तुला थोडंच माहीत होतं?"

मी मान हलवली. नव्हतं म्हणून.