यजमान

४ नोव्हेंबर
हरिहरेश्वरला पोचले. म्हसळ्यानंतर एसटी जवळजवळ रिकामी झाली, खिडकीतून खारट वारा यायला लागला आणि मन हलकं झालं. पुढचा महिनाभर काम एकच: इथल्या खडकात सापडलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या समुद्री गोगलगाईचं शास्त्रीय वर्णन लिहायचं. ती पहिल्यांदा दिसली अण्णांना. निवृत्त शिक्षक ते. फोटो त्यांनीच पाठवले आणि राहायलाही घरीच बोलावलं. अनुसूयाकाकूंनी हातपाय धुवायच्या आत गरम घावन पुढ्यात ठेवलं. मागे सुपारीची वाडी, तिच्यापलीकडे समुद्र. अजून काय पाहिजे?

६ नोव्हेंबर
ओहोटीला अण्णांबरोबर खडकावर गेले. शंख देखणा आहे: पांढरा, काचेसारखा चकचकीत, सुईसारखा निमुळता. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर तोंडात दात नाहीत, नुसती बारीक सोंड. म्हणजे ही परजीवी. दुसऱ्या प्राण्याला चिकटायचं आणि शोषून जगायचं. तो प्राणी, म्हणजे तिचा यजमान, सापडेपर्यंत वर्णन अर्धवटच.
मी गमबूट घालून गोगलगाईंचे दाणे वेचत होते तेवढा वेळ अण्णा खडकातल्या डबक्यात पाय सोडून बसले होते. रोज बसतात म्हणे.

९ नोव्हेंबर
तारामासे पाहिले, काटेरी गोळ्यांसारखे सी-अर्चिन उलटेपालटे केले. कशावरच नाही. चिडचिड होतेय.
काकूंनी सलिलबद्दल सांगितलं. एकुलता मुलगा, होडी उलटून गेला. तेव्हापासून अण्णांना झोप नव्हती, घरभर येरझारा घालायचे. पावसाळा सरल्यावर डबक्यात बसायला लागले आणि एकदम शांत झाले. आता जेवतही नाहीत धड. हे सांगताना काकू आनंदात नव्हत्या.

११ नोव्हेंबर
आज अण्णांनी भिजलेलं धोतर पिळायला वर घेतलं. पोटऱ्यांवर पांढरे दाणे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, दाटीवाटीने—
श्रीवर्धनला डॉक्टरकडे चला म्हटलं. ते हसले.
"राहू देत गं. सलिल आठवतो, पण दुखत नाही आता."

१२ नोव्हेंबर
काकूंनी विनवलं म्हणून चिमट्याने एक काढली. रक्त आलं नाही. अण्णा मात्र सलिलच्या नावाने ओरडले, बातमी आत्ताच कळल्यासारखे. काकूंनीच माझा हात धरला. पुरे म्हणाल्या. ठरलं, उद्या रिक्षा बोलावून त्यांना डॉक्टरकडे नेऊ.

१३ नोव्हेंबर
अण्णा घरात नाहीत. धोतर खडकावर, नीट घडी केलेलं. होड्या शोधतायत. मला बघवत नाही कुणाकडे—

१४ नोव्हेंबर
काकू डबक्यात पाय सोडून बसल्या होत्या. बूट न घालताच पाण्यात उतरले, ओढलं त्यांना. हलल्या नाहीत. रडल्याही नाहीत.
"बस जरा," एवढंच म्हणाल्या.

१५ नोव्हेंबर
बॅग भरली. दुपारची एसटी. सारखी पाय तपासतेय. काही नाही. काही—

घोट्यामागे. एकच. चिमटा कुठे—
सापडला. काढते. आत्ता.

एसटी गेली वाटतं. हॉर्न ऐकला. उठायला हवं होतं, पण बसले.
चिमटा तसाच हातात. भीती नाही वाटत आता. गंमत आहे.
खाली खडकावरून काकू हाक मारतायत. पाणी ओसरलं असेल. जरा जाऊन त्यांच्याजवळ—