ढापण्याचा शर्ट

वहिनी,

दूध तापवून झाकलंय. कपडे न्यायला कोणी आलं, तर संध्याकाळी या म्हणावं.

ढापण्या दुपारच्या गाडीने परगावी नोकरीवर चाललाय. काल मी शिवलेला शर्ट घालून बघताना त्याने विचारलं, "माप कधी घेतलंस?" घेतलंच नव्हतं. शाळेपासून डोळ्यांसमोर आहे, कात्री आपोआप चालली. मी नुसताच चहा पुढे केला. तो अर्धाच पिऊन निघून गेला. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

मी स्टँडवर जातेय. आईने विचारलं तर सांग, त्याच्या शर्टाचं एक बटण लावायचं राहिलंय.

बटणं सगळी पक्की आहेत. तरी सुईदोरा घेतलाय. तोंडातून शब्दच फुटला नाही, तर एक तोडून पुन्हा लावीन.