दोन्ही खोल्या वापरात

ती. आईस,
तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

घर लागलं एकदाचं. गल्ली जुनी, दगडी. आमची इमारत मात्र कोरी करकरीत. बाल्कनीतून चौकातलं जुनं घड्याळ दिसतं. ते कायम वीस मिनिटं मागे असतं, अगदी तुझ्या जावयांसारखं!

तब्येतीने ते ठणठणीत आहेत. कामावरून येतात, जेवतात. बोलायला दोघांनाही उसंत नसते, इतकंच.

तुझा गुडघा काय म्हणतोय? शेक घेतेस ना?

"दोघांच्या संसाराला दोन बेडरूम कशाला गं?" असं तू विचारलंस, तेव्हा मी हसून विषय बदलला. फोनवर सांगवेना. आई, एकही खोली वाया गेलेली नाही. एकीत ते झोपतात, एकीत मी.

बाबांना एवढंच सांग, की घर ऐसपैस आहे.

तुझीच,
धाकटी