चौकातलं नाक

दादा, चौकातला तुझा पुतळा बदलला. तुझ्यामागे तुझ्या नाकाचं काय काय झालं, ते तुला कोणीतरी सांगायला हवं. बाबा गेल्यावर ते माहीत असलेला घरात मी एकटाच उरलो, असं मला आत्ताआत्तापर्यंत वाटत होतं. तू युद्धात गेलास तेव्हा मी कॉलेजात होतो. वर्षाच्या आत डोंबिवलीतल्या आपल्या चौकाला तुझं नाव मिळालं आणि अर्धपुतळा बसवायचं ठरलं. विठ्ठलवाडीचा मूर्तिकार, जो भाद्रपदापर्यंत गणपती आणि उरलेलं वर्ष पुढारी घडवायचा, त्याने तुझे फोटो मागितले. घरात धड फोटो दोनच, दोन्ही समोरून काढलेले. तू बाजूने कसा दिसतोस हे कोणी टिपून ठेवलंच नव्हतं. मूर्तिकाराने माझ्याकडे निरखून बघितलं आणि बाबांना म्हणाला, "धाकटे ना हे? मग यांचंच नाक घेऊ. घरचंच आहे." मी स्टुलावर बाजूने बसलो आणि तुला माझं नाक लागलं. परतताना रिक्षात बाबा एवढंच म्हणाले, "आईला बोलू नकोस." मी बोललो नाही.

तेव्हापासून दर वर्षी तुझ्या स्मृतिदिनी खुर्च्या मांडल्या जातात आणि पुढारी मंडळी सांगतात की तू जन्मापासून निडर होतास. पाल दिसली की तू जेवणाच्या टेबलावर चढायचास, हे मी अजून सभेत सांगितलेलं नाही. पुतळ्याला हार घातला जातो आणि मी माझ्याच नाकासमोर हात जोडून उभा राहतो. हा विनोद मी पेपरातल्या माझ्या सदरात रोज करतो तसलाच, पण एवढा एक मी कधी छापला नाही. घरी आल्यावर आई मला पाटावर बसवायची, मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून गॅसवर जाळायची आणि आम्ही दोघं खोकत बसायचो. स्टेजवर चार लोकांच्या नजरा पडतात म्हणून ती माझी दृष्ट काढते, असा माझा समज. सुशिक्षित घरांतल्या मिरच्यांवर मी दोन खुसखुशीत लेख लिहिले. तिने ते वाचले आणि पुढच्या वर्षी दोन मिरच्या वाढवल्या.

यंदा काँक्रीटच्या रस्त्यासाठी चौक खणला, त्यात पुतळ्याला मानेपासून तडा गेला. नवा ब्राँझचा करायचं ठरलं. मूर्तिकार तोच, आता म्हातारा. त्याने जुनाच समोर ठेवून माती लावली. आमचे माजी नगरसेवक बघून आले आणि मला फोनवर म्हणाले, "साहेब, बाकी झकास आहे, पण ऑफिसर बिनमिशीचा? पब्लिकला बँकेतला वाटेल. मी मिशी लावायला सांगितलीय." त्यावर मी काहीतरी खवचट बोलणार होतो, तेवढ्यात आतून आई म्हणाली, ओतकाम व्हायच्या आधी मला तिथे घेऊन चल. तिला आता माणूस सावलीएवढाच दिसतो. मी म्हटलं, तिथे चिखल आहे, पायऱ्या आहेत, तुला काय दिसणार? ती म्हणाली, हात लावून बघेन.

ती रिक्षात माझ्याशेजारी शांत बसली होती. इतकी वर्षं ती त्या चेहऱ्याकडे बघून पदराने डोळे टिपत आली. तिचा गेलेला मुलगा म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या चौकात होतं. आज बोटांना कळलं की ते भलत्याचंच आहे, तर तिच्यापाशी राहतं काय? मला, का कोण जाणे, खडवलीची नदी आठवली. तू मला पोहायला शिकवतोयस, मी हातपाय झोडतोय, आणि तू काठावरून ओरडतोस, "पाण्याशी वाद घालू नकोस. ते तुझं ऐकणार नाही." पुढे मी वाद घालूनच पोट भरलं. पण त्या रिक्षात एक वाक्य सुचेल तर शपथ.

मूर्तिकाराने पुतळ्याच्या डोक्यावरचं ओलं फडकं काढलं. आईने हात धुतले, जेवायला बसताना धुते तसे. कपाळ, भुवया, कान. मग बोटं नाकावर आली आणि थांबली. मिशी कशी जमलीय ते बघायला आलेले नगरसेवकही पुढे सरकले.

"नाक याचं आहे," आई म्हणाली आणि मान माझ्या दिशेला वळवली. "पहिल्याच दिवशी बघितलं होतं मी. तुझ्या बाबांना वाटलं, मला कळणार नाही. दोघांना न्हाऊ मी घातलंय."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"काय बोलू? त्यांनी कसाबसा एक मुलगा उभा केला होता. पण जिवंत पोराच्या गळ्यात दर वर्षी हार पडायचा रे. म्हणून घरी येऊन तुझी दृष्ट काढायचे. तू त्यावर लेख लिहायचास. म्हटलं, लिही. लिहायला आहेस ना."

मग तिने मूर्तिकाराकडे तेल मागितलं. शाडूला पाणी लागतं, तो हळूच म्हणाला आणि वाटी पुढे केली. तिने बोटं भिजवली, अंगठा आणि तर्जनी नाकाच्या दोन बाजूंना ठेवली आणि न्हाऊ घालताना बाळाचं नाक ओढतात तसं ओढायला लागली. वरून खाली, वरून खाली. याचं बसकं होतं, ती सांगत होती, ओढून ओढून एवढंच वर आलं. त्याचं सरळ, फक्त शेंड्याला जरासं डावीकडे, एकाच कुशीवर झोपायचा म्हणून. मग अंगठ्याने मिशी पुसून टाकली. आई, ती तरी राहू द्या, नगरसेवक म्हणाले. "त्याला धड फुटत नव्हती," आई म्हणाली. "म्हणून तर रोज दाढी करायचा."

हात धुऊन तिने मला विचारलं, हाच ना? मी हो म्हटलं. दादा, मला तू ओळखू आला नाहीस. येता-जाता चौकात मीच दिसत राहिलो आणि तू कधी पुसला गेलास, ते कळलंही नाही. तुझा आवाज आठवतो. शेवटच्या रजेवर आलास तेव्हा, भर उकाड्यात, माझ्यासाठी लोकरीचे मोजे आणलेस. मी हसलो, तर म्हणालास, "ठेव, वर थंडी असते." वर म्हणजे कुठे, गच्चीत? मी विचारलं. तू नुसतं माझ्याकडे बघितलंस. तेव्हाचा चेहरा मला हवाय, आणि तो फक्त आईच्या दोन बोटांत आहे.

काल अनावरण झालं. हार पहिल्यांदाच तुझा तुला मिळाला. तुझा आर्मी पोस्टाचा पत्ता मला अजून पाठ आहे, पण हे तिकडे टाकण्यात अर्थ नाही. न वापरलेल्या त्या मोज्यांत सारून ठेवतो. एवढंच सांगायचं राहिलं: घरी आलो, आईने चप्पल काढली, पंखा लावायला सांगितला आणि चाचपडत चहाचं आधण ठेवलं. पाट भिंतीलाच टेकलेला राहिला, मिरच्या डब्यातच. मी बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. काय हवंय रे, तिने विचारलं. मी काही नाही म्हटलं, आणि तिथेच उभा राहिलो.